आष्टीत पहिलं घर घेताय? नमुना ८ म्हणजे मालकी नाही, अन् रंगाआधी भिंत बघा

आष्टी (ता. परतूर, जि. जालना) : भावाभावांत वाटणी झाली, थोरल्याकडे जुनं घर राहिलं, धाकट्याच्या वाट्याला दोन खोल्या आणि सामाईक अंगण आलं. लग्नाला पाच-सहा वर्षं, दोन लेकरं, एकाचं शाळेत नाव घातलेलं. मग नवरा-बायको ठरवतात, आता आपलं स्वतःचं काहीतरी बघू. अशी जोडपी गावात गल्लोगल्ली सापडतील. रस्त्यावरचा प्लॉट परवडत नाही, परवडला तर बांधायला पैसा उरत नाही. तेवढ्यात कुणीतरी सांगतं की अमुक गल्लीतलं माळवदाचं घर द्यायचंय, मालक पुण्याला स्थायिक झालाय, घर कित्येक वर्षं बंद आहे, स्वस्तात सुटेल.

स्वस्तात सुटतंही. पण अशा घरात पैसा दोन जागी बुडतो, एक कागदात आणि दुसरा भिंतीत. दोन्ही गोष्टी वरून दिसत नाहीत. म्हणून खर्च आधी फरशी, रंग आणि लोखंडी गेटवर होतो आणि कागद-भिंत "पुढच्या वर्षी बघू" म्हणून मागे पडते. या माहितीत भर त्या दोन गोष्टींवरच आहे.

काळी आणि पांढरी

जुनी माणसं गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगायची. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीचा सातबारा निघतो. पांढरीचा, म्हणजे गावठाणातल्या घराचा, सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चालतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. घर किती लांब-रुंद, बांधकाम कशाचं, घरपट्टी किती आणि ती कुणाकडून वसूल करायची, एवढ्यासाठी ती ठेवली जाते. ज्याचं नाव त्यात आहे तो कर भरतो, एवढंच तिच्यावरून ठामपणे म्हणता येतं. गायरानावर अतिक्रमण करून बांधलेल्या घराचीही नोंद करासाठी घेतली जाते. त्यामुळे "आठला नाव लागलंय, म्हणजे घर माझं" हे गावात कितीही छातीठोक सांगितलं जात असलं तरी कोर्टात ते एकट्याच्या बळावर टिकत नाही. घरपट्टीची पावती, लाईट बिल, रेशनकार्डावरचा पत्ता हे ताब्याचे पुरावे आहेत. मालकी ही वेगळी गोष्ट.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो असा : हे घर तुमच्याकडे आलं कसं? बापजाद्यांचं की विकत घेतलेलं? विकत घेतलेलं असेल तर नोंदणी झालेलं खरेदीखत दाखवा. वडिलोपार्जित असेल तर वारस किती आणि कोण, ते सांगा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे काही घराण्यांकडे जुना कागद उर्दूत किंवा मोडीत असतो. तो वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नये. जाणकाराकडून वाचून घ्यावा, कारण घराच्या चतुःसीमा कधी कधी त्यातच नीट लिहिलेल्या सापडतात.

दुसरा प्रश्न जागेचा. घर खरोखर गावठाणाच्या हद्दीत आहे की गायरानात, की कुणाच्या शेताच्या कडेला? गावठाणाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात बघता येतो. सार्वजनिक गायरानावरची अतिक्रमणं काढण्याची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्पष्ट घेतली आहे. अशा जागेवरचं घर कितीही पक्कं दिसलं तरी त्यात आयुष्याची पहिली पुंजी घालणं म्हणजे वाहत्या ओढ्यात पाय रोवणं.

बहिणीची सही

गावठाणातल्या सौद्यात सगळ्यात जास्त वाद याच एका ठिकाणी होतात, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

वडील वारले. नमुना ८ वर थोरल्या भावाचं नाव लागलं, कारण तोच गावात होता आणि घरपट्टी तोच भरत होता. आता तोच घर विकायला निघाला. पण कायद्याने त्या घरात आईचा, इतर भावांचा आणि बहिणींचाही हिस्सा असतो. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणं गरजेचं नाही.

"बहिणी कशाला काय म्हणतात, त्या दिल्याघरी सुखी आहेत," हे वाक्य सौद्याच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. त्यावर विसंबून घर घेतलं आणि तीन वर्षांनी बहिणीचा मुलगा नोटीस घेऊन आला, तर भांडण मामा-भाच्याचं राहत नाही, घर घेणाऱ्याचं होतं. तोवर याने माळवद उतरवून स्लॅब टाकलेला असतो.

उपाय साधा आहे. सगळ्या वारसांनी खरेदीखतावर विकणारे म्हणून सही करावी. नाहीतर ज्यांना हिस्सा नको त्यांनी आधी हक्कसोडपत्र करून द्यावं, आणि तेही नोंदणी केलेलं. वहीच्या कागदावर अंगठा घेऊन हक्क सुटत नाही. वारसांत कुणी अठरा वर्षांखालचं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नये. सौदा करण्याआधी वकिलामार्फत स्थानिक दैनिकात जाहीर प्रगटन देण्याची पद्धत आहे. खर्च फार नाही, आणि कुणाची हरकत असेल तर ती पैसे जाण्याआधी कळते.

ड्रोनवाली मिळकत पत्रिका

गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद नाही, हे दुखणं सगळ्या राज्याचं आहे. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन वरून फोटो घेतो, भूमी अभिलेखचे कर्मचारी घरांच्या हद्दी ठरवतात, चौकशी होते आणि प्रत्येक घराची मिळकत पत्रिका व सनद तयार होते. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त पत्रिका वाटल्या गेल्या. त्यात महाराष्ट्रही होता.

ज्या घराची पत्रिका तयार आहे, तिची नक्कल परतूरच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावी किंवा महाभूलेख संकेतस्थळावर बघावी. ऑनलाइन शोधताना एक गंमत होते. आष्टी नावाचा तालुका बीड जिल्ह्यात आहे, वर्धा जिल्ह्यातही आहे. आपली आष्टी परतूर तालुक्यातलं गाव. त्यामुळे जिल्हा जालना, तालुका परतूर, मग गाव आष्टी, असं क्रमाने निवडायचं. नाहीतर दुसऱ्याच आष्टीतला कागद हातात येतो.

पत्रिका मिळाली की तीन गोष्टी ताडून बघायच्या. धारक म्हणून कुणाचं नाव आहे? तिथेही एकाच भावाचं नाव लागलेलं असू शकतं, म्हणून वारसांचा प्रश्न पत्रिकेने आपोआप सुटत नाही. क्षेत्र किती? पत्रिकेवर ते चौरस मीटरमध्ये असतं आणि नमुना ८ वर फुटांत. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ३० बाय ४० चं घर १,२०० चौरस फूट, म्हणजे साधारण १११.५ चौरस मीटर भरायला हवं. ९५ भरत असेल तर पावणेदोनशे फूट जागा गेली कुठे, ते विकणाऱ्याने सांगावं. तिसरं म्हणजे हद्द. टेप घेऊन स्वतः मोजावं आणि शेजाऱ्यांना बोलावून मोजावं.

शेजारी महत्त्वाचा अशासाठी की गावठाणात बहुतेक भिंती सामाईक असतात. भिंत कुणाची, पन्हळाचं पाणी कुणाच्या बोळात पडतं, मागच्या दारातून वहिवाट कुणाची, न्हाणीचं सांडपाणी कुठून जातं, हे कोणत्याच उताऱ्यावर नसतं. ते खरेदीखतात लिहून घ्यायचं. "पूर्वेची भिंत सामाईक, दक्षिणेकडील तीन फुटी बोळ दोघांच्या वहिवाटीचा" अशी एक ओळ पुढची दहा वर्षांची भांडणं वाचवते.

आणखी एक ओळ लिहावी ती लाकडाची. जुन्या माळवदात सागवानी तुळया, खांब, कोरीव चौकट असते. सौदा ठरल्यावर विकणारा दार-चौकट आणि चार तुळया ट्रॅक्टरमध्ये घालून नेतो, असं घडतं. घर "लाकूडफाट्यासह, दारं-खिडक्यांसह" घेतलं असं कागदावर असेल तर बोलायला जागा राहते.

बाँडवर घर होत नाही

शंभराच्या बाँडवर लिहून, दोन पंचांच्या सह्या घेऊन घर विकत घेतल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर-दोनशेचा मुद्रांक जिथे चालायचा तिथे पाचशेचा लागू लागला. पण शंभराचा असो की पाचशेचा, त्यावर लिहिलेल्या नोटरीच्या कागदाने घराची मालकी बदलत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ नुसार शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. मुखत्यारपत्र, विक्री करारनामा किंवा ताबा पावती यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सांगितलं आहे.

म्हणजे परतूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन खरेदीखत नोंदवणं आलंच. मुद्रांक शुल्क सौद्याची रक्कम आणि रेडीरेकनरचा दर यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. शुल्क वाचवण्यासाठी खतात रक्कम कमी दाखवायची आणि बाकी हातात द्यायची, हा सल्ला फुकट मिळतो आणि महाग पडतो. उद्या सौदा मोडला तर कागदावरचीच रक्कम परत मागता येते. शिवाय स्थावर मिळकतीच्या व्यवहारात विकणाऱ्याला २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. तेवढीच रक्कम दंड म्हणून भरायची वेळ येऊ शकते. इसार सुद्धा चेकने किंवा खात्यावर द्यावा.

घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. चार लाखांच्या घराला ४,००० रुपये वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं, पण चार हजार वाचतात म्हणून का होईना घर बाईच्या नावावर झालं, तर त्यात तोटा कुणाचाच नाही.

आधीचे व्यवहार बघायला नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. गाव आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक २ बघता येते. घरावर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज आहे का, तेही विचारायला लाजू नये. नोंदणी झाली की खताची प्रत घेऊन ग्रामपंचायतीत फेरफारचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेखमध्ये वेगळा अर्ज लागतो. ग्रामसेवकांना, आताच्या भाषेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, तोंडी सांगून नोंद होत नाही.

पैसा कुठून

बँक गावठाणातल्या घराला कर्ज द्यायला कां-कूं करते, त्याचं कारण वर आलंच. नुसत्या नमुना ८ वर तारण धरता येत नाही. नोंदणीकृत खत आणि मिळकत पत्रिका असेल तर बोलणी पुढे सरकतात. कागद नसला की माणूस खासगी सावकाराकडे वळतो. शेकडा तीन रुपये ऐकायला हलकं वाटतं. दोन लाखांवर ते महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० होतात, आणि मुद्दल तिथंच. परवानाधारक सावकाराला सुद्धा बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. शेकडा तीन म्हणजे ३६ टक्के.

घरकुलाच्या यादीत नाव असेल तर गणित बदलतं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. शौचालयाचे १२,००० आणि रोजगार हमीतली मजुरी वेगळी. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना आणखी ५०,००० देण्याचा निर्णय केला. त्यातले १५,००० छतावरच्या सौरसंचासाठी आहेत. यादीत नाव आहे पण जागाच नाही, अशांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिची मर्यादा ५०,००० वरून एक लाख झाली आहे. पडीक घर जागेसाठी घ्यायचं आणि त्यावर घरकुल उभारायचं, असा मार्ग त्यातून निघू शकतो. मात्र मंजुरी आणि जागेचा फोटो होण्याआधी पाया खणू नये. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गासाठी मोदी आवास अशा योजना आहेत. चौकशी पंचायत समितीत करावी. घरकुल लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात आहे, तीही मागून घ्यावी.

माळवदाखाली झोपण्याआधी

आता घराकडे. माळवद उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. दगड-मातीची दोन-अडीच फुटी भिंत, खांबांवर तुळया, त्यावर आडवी लाकडं आणि किलचा, मग पाला, आणि वर गढीची पांढरी माती. मधोमध उजेडाला आणि धुराला सानं. बांधणारे अडाणी नव्हते. अडचण होते ती देखभाल थांबल्यावर. दर वर्षी मृगाआधी वर माती टाकायची रीत होती, पण जुनी माती उतरवायची रीत नव्हती. थरावर थर चढत गेले.

त्याचं वजन किती होतं, हे एकदा हिशेबाने बघावं. दहा बाय दहाची खोली, वर एक फूट मातीचा थर, म्हणजे १०० घनफूट माती. एक घनफूट कोरडी दाबलेली माती साधारण ४५ किलो भरते. म्हणजे साडेचार टन. पावसात भिजली की आणखी जास्त. तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅब साधारण तीन टनांचा होतो, आणि पत्रे व त्याखालचे पाइप मिळून एक-दीड क्विंटल. मराठवाड्यात दर पावसाळ्यात झड लागली की भिंत पडल्याच्या बातम्या येतात. त्यामागे हेच आहे. पाणी भिंतीत मुरतं, मातीचा दर्जा सुटतो आणि वरचे टन दोन टन खाली बसतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. ३ वाजून ५६ मिनिटांनी. जवळपास आठ हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. एवढी माणसं जाण्याचं मोठं कारण म्हणून अभ्यासकांनी ज्याच्यावर बोट ठेवलं ते हेच : मातीत रचलेल्या गोट्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत. काही ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. हलक्या छपराच्या झोपड्या पुष्कळशा वाचल्या.

जालना लातूरपासून लांब आहे, हे खरं. पण २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. हिंगोली म्हणजे परभणीच्या पलीकडचा जिल्हा. मार्चमधल्या धक्क्यानंतर नांदेड प्रशासनाने लोकांना पत्र्यावर ठेवलेले दगड काढायला सांगितलं होतं. आपल्याकडेही पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवलेली घरं मोजायला बसलं तर दिवस जाईल.

जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज इथे नडतो. जुनी भिंत खरं तर दोन भिंती असतात, बाहेरचा थर आणि आतला थर, मध्ये दगडाच्या चिपा आणि माती. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नसले की थर वेगळे होतात आणि भिंतीला पोट सुटतं. घर घेण्याआधी गवंड्याला सोबत नेऊन ओळंबा लावून बघावं. पोट आहे का, कोपऱ्यात वरून खाली गेलेली भेग आहे का, खांबाचा बुडखा वाळवीने पोखरलाय का, तुळई मधे वाकलीय का, भिंतीच्या तळाला ओल किती उंच चढलीय. कोपऱ्यातली भेग बोट जाईल एवढी असेल तर ती भिंत दुरुस्तीची राहिलेली नाही. ती उतरवायचा खर्च सौद्याच्या किमतीतून कमी करून मागावा.

भिंत बरी असेल तर पहिलं काम माती उतरवण्याचं. उन्हाळ्यात, थराथराने, सगळीकडून सारखी. एका बाजूची सगळी काढली आणि दुसरी तशीच ठेवली तर सांगाडा कलतो. लेकरांना त्या दिवसांत घरात ठेवू नये. जुन्या भिंतीत विंचू-सापही निघतात.

मग भिंत बांधून घेणे. नवी दगडी भिंत रचताना दर दोन फूट उंचीवर आणि आडवे जास्तीत जास्त चार फुटांवर आरपार दगड हवा. जुन्या भिंतीत तसा दगड घालता येत नसेल तर हळूच दगड काढून तीनेक इंचाचं आरपार भोक करतात, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवतात आणि काँक्रीट भरतात. किल्लारीनंतर दुरुस्तीचं हे तंत्र बरंच सांगितलं गेलं. खर्च थोडा, पण गवंडी ते आपणहून करत नाही. सांगून, समोर उभं राहून करून घ्यावं लागतं. दाराच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा टाकला तर चारही भिंती एकमेकींना धरून राहतात.

जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर स्लॅब कधीही टाकू नये. गुत्तेदार "काही होत नाही" म्हणाला तरी नाही. स्लॅबच हवा असेल तर पाया खणून, मुरूम लागेपर्यंत खाली जाऊन, सळईचे कॉलम उभे करायचे आणि जुनी भिंत फक्त आडोशाला ठेवायची. काळ्या मातीवर पाया थांबला तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि नव्या भिंतीला दुसऱ्याच वर्षी भेगा पडतात. तेवढा पैसा नसेल तर पत्रा वाईट नाही. पत्र्याला दगडांऐवजी हुक आणि नटबोल्ट हवेत. पाइप भिंतीतल्या काँक्रीटमध्ये पक्का अडकलेला हवा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात पत्रा पाइपासकट जातो.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा ही दुसरी हौस. तो सहसा धरत नाही. आतली ओल अडकते, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आधी ओल येते कुठून ते बघावं. बहुतेकदा ती बाहेर उंच झालेल्या सिमेंट रस्त्यामुळे भिंतीशी साचणाऱ्या पाण्याची असते. तिथे नाली काढली तर अर्धं काम होतं.

स्लॅब पडत असेल त्या दिवशी घरच्या माणसाने दोन गोष्टींवर डोळा ठेवावा. एका सिमेंटच्या गोणीला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी पडू द्यायचं नाही, मिक्सरवाला काम सोपं जावं म्हणून पाणी वाढवतो. आणि सळई खालच्या फळीला टेकायला नको, खाली २० मिलिमीटरचे ठोकळे हवेत. नंतर आळी करून किमान दहा दिवस पाणी साचवून ठेवायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये प्यायला टँकर बघावा लागतो, मग स्लॅबला पाणी कुठून देणार? म्हणून स्लॅबचं काम दिवाळीनंतर, माघापर्यंत उरकलेलं बरं. माळवद उतरवायचं मात्र पाऊस नसताना, त्यामुळे दोन्ही कामं एकाच हिवाळ्यात बसवावी लागतात.

गुत्तेदाराशी बोलणं कागदावर असावं : चौरस फुटाचा दर, कोणतं सामान कुणाचं, कोणत्या टप्प्याला किती पैसे. आगाऊ उचल जास्त दिली की माणूस दुसऱ्या साइटवर जातो. सळई जालन्यातच बनते, पण घेताना वजनाची पावती आणि शिक्का बघून घ्यावी.

राहायला जाण्याआधी महावितरणकडे जुन्या मालकाची थकबाकी आहे का, ते ग्राहक क्रमांक टाकून बघावं आणि मीटर नावावर करून घ्यावं. जुन्या घरातली वायर बहुतेक कापडी किंवा उघडी असते, अर्थिंग नसतं. मातीच्या ओल्या भिंतीत हे धोक्याचं आहे. नवी वायरिंग आणि गळती झाली की बंद पडणारा स्विच, हा खर्च फरशीआधी करावा. नवं बांधकाम केल्याचं ग्रामपंचायतीला लेखी कळवावं. २०१५ च्या शेवटी नियम बदलल्यापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे क्षेत्र आणि बांधकामाचा प्रकार बघून लागते. नमुना ८ वर "दगड-माती" चं "आरसीसी" झालं की पट्टी वाढते. ती वाढते म्हणून बरेच जण नोंदच करत नाहीत, आणि पुढे कर्जाला किंवा नुकसानभरपाईला तोच उतारा पुढे करावा लागतो, ज्यावर अजून जुनंच घर असतं.